तिसरी शिंक

२०२४ च्या जूनमध्ये 'मुंज्या' लागला तेव्हा आम्ही ऑफिसातले सहा-सात जण शुक्रवारी रात्रीचा शो बघायला गेलो होतो. कोकणातलं भूत, झाडाशी बांधलेलं, लग्नाला हपापलेलं, आणि एक पिढी हातची गेली म्हणून तिच्या नातीच्या मागे लागलेलं. बाहेर पार्किंगमध्ये एक मित्र म्हणाला, "अरे, ही स्टोरी मी लहानपणी केबलवर पाहिलीये. फक्त भूत हिरव्या कोटातलं होतं." आम्ही त्याला यथेच्छ वेड्यात काढलं. बिचारा गप्प बसला.

तर मंडळी, त्याची जाहीर माफी मागायला हा लेख. मागच्या वीकांताला पाऊस होता, कुठे जाणं शक्य नव्हतं, म्हणून तो सिनेमा शोधून पाहिला. 'लेप्रेकॉन २', एप्रिल १९९४. आता हा सिनेमा चांगला आहे असं मी म्हणणार नाही, माझीही काही इज्जत आहे. पण बघता बघता एका ठिकाणी थबकलो. हा प्रसंग मी कुठेतरी वाचला होता, आणि नक्कीच कुठल्या हॉलिवूडच्या पुस्तकात नाही.

आधी सिनेमाचं थोडक्यात. लेप्रेकॉन म्हणजे आयर्लंडच्या लोककथांमधलं बुटकं, म्हातारं, एकटं राहणारं अद्भुत प्राणीमात्र. धंद्याने चांभार, जवळ सोन्याचा हंडा, स्वभावाने लबाड. मार्क जोन्स नावाच्या दिग्दर्शकाने १९९३ मध्ये त्याला खुनी बनवून सिनेमा काढला. कल्पना सुचली ती 'लकी चार्म्स' या नाश्त्याच्या सीरियलच्या जाहिरातीवरून, ज्यात एक हसरा लेप्रेकॉन पोरांपासून आपला डबा वाचवत पळत असतो. खर्च दहा लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाणी. मुख्य भूमिकेत वॉरविक डेव्हिस, साडेतीन फूट उंचीचा अफाट नट, जो आपल्याला पुढे हॅरी पॉटरमधला प्रोफेसर फ्लिटविक म्हणून भेटला. आणि नायिका कोण? जेनिफर ॲनिस्टन, 'फ्रेंड्स' सुरू व्हायच्या दीडेक वर्ष आधी! सिनेमाने अमेरिकेत सुमारे ८६ लाख डॉलर कमावले. एवढा परतावा मिळाल्यावर दुसरा भाग येणार नाही तर काय.

दुसऱ्या भागात ॲनिस्टन नाही, मार्क जोन्स नाही, पहिल्या भागाशी कथेचा काही संबंधही नाही. दिग्दर्शक रॉडमन फ्लेंडर, लेखक टुरी मायर आणि अल सेप्टियन. पहिल्या भागाचं यश चालवायला आलेली भाडोत्री मंडळी असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं.

कथा अशी. हजार वर्षांपूर्वीचं आयर्लंड. लेप्रेकॉनचा हजारावा वाढदिवस, आणि त्याला आता बायको हवी आहे. त्याचा विल्यम नावाचा एक गुलाम आहे. लग्न जमलं की तुला सोडतो, असं आमिष त्याला दाखवलंय. नियम असा की मुलीला लागोपाठ तीन शिंका आल्या आणि कुणीही "देव तुझं भलं करो" म्हटलं नाही, तर ती लेप्रेकॉनची. एक शिंक होते, दुसरी होते, तिसरी होते. आणि विल्यमच्या लक्षात येतं की मुलगी आपलीच आहे. तो आशीर्वाद पुटपुटतो. सौदा फसतो. लेप्रेकॉन त्याला ठार मारतो आणि शपथ घेतो की आणखी हजार वर्षं थांबेन, पण तुझ्याच वंशातली मुलगी करीन. मग थेट १९९४, सेंट पॅट्रिक्स डे, लॉस एंजेलिस. जादूगार हूडिनीचं नाव लावलेल्या जागेतल्या एका जुन्या झाडातून तो बाहेर येतो. ब्रिजेट नावाची पोरगी, कोडी नावाचा तिचा मित्र, आणि कोडीचा मॉर्टी मामा, जो मेलेल्या सिनेनटांच्या मृत्यूच्या जागा दाखवणाऱ्या टूर काढून पोट भरतो.

ती तिसरी शिंक ऐकली आणि मी पॉझ दाबला.

*

आता १८२५ सालात जाऊ. लंडनमध्ये एक पुस्तक निघालं, दक्षिण आयर्लंडमधल्या परीकथा आणि दंतकथांचं. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचं नावच नव्हतं. लेखक होता थॉमस क्रॉफ्टन क्रोकर, मूळचा कॉर्क शहरातला, आणि नोकरी काय तर लंडनला आरमाराच्या मुख्य कचेरीत कारकून. दिवसा फायली, सुटीत भुतंखेतं. (हा माणूस मला फार जवळचा वाटतो. का ते विचारू नका.) त्याच्याकडून मूळ हस्तलिखित हरवलं आणि मित्रांच्या मदतीने पुस्तक पुन्हा उभं करावं लागलं. त्या मित्रांपैकी टॉमस कीटली पुढे या श्रेयावरून नाराजच राहिला. बॅकअप नसण्याचा त्रास तेव्हाही हाच होता. पण पुस्तक गाजलं. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत ग्रिम बंधूंनी त्याचा अनुवाद केला.

त्यात 'मालक आणि नोकर' या अर्थाच्या नावाची एक गोष्ट आहे. १८८८ मध्ये कवी येट्सने आयरिश लोककथांचा संग्रह केला तेव्हा ती त्यातही घेतली. मी तिथेच वाचली होती.

बिली मॅकडॅनियल नावाचा एक मजेतला गडी. हिवाळ्यातली चांदणी रात्र, कडाक्याची थंडी. तो स्वतःशीच म्हणतो, आत्ता घोटभर दारू मिळाली तर काय बहार येईल. लगेच एक बुटका म्हातारा पेला घेऊन हजर. बिली पितो, वर उर्मटपणा करतो, आणि पैसे द्यायला नकार देतो. मग काय, सात वर्षं आणि वर एक दिवस त्या म्हाताऱ्याची चाकरी. रोज रात्री लव्हाळ्याच्या काडीचा घोडा करून दोघं निघायचे आणि किल्लीच्या भोकातून लोकांच्या तळघरात शिरून दारू ढोसायचे.

एके दिवशी म्हातारा म्हणतो, बिली, उद्या मला हजार वर्षं पुरी होतायत, आता लग्न करायला हवं. मुलगी ठरवलेली आहे: ब्रिजेट रूनी, लिमरिकजवळच्या कॅरिगोगनेलची. तिचं दुसऱ्याशी लग्न व्हायचंय आणि घरात जेवणाची पंगत बसली आहे. हे दोघं कुणाला न दिसता वर छताच्या आडव्या तुळईवर जाऊन बसतात. म्हातारा नियम सांगतो. तीन शिंका. कुणी देवाचं नाव घेतलं नाही की नवरी माझी.

पहिली शिंक येते. आणि इथे क्रोकरने काय सुंदर निरीक्षण केलंय बघा. सगळ्यांना शिंक ऐकू येते. पण पंगतीत पाद्रीबाबा बसलेले असतात, आणि प्रत्येकाला वाटतं की देवाचं नाव घेणं हे त्यांचं काम, आपण कशाला मध्ये तोंड घाला. आणि पाद्रीबाबांच्या तोंडात असतं डुकराचं मुंडकं आणि पालेभाजी! घास गिळेपर्यंत वेळ टळून जाते.

दुसरी शिंक ती बिचारी लाजून दाबते, ती फारशी कुणाला कळतही नाही.

वर तुळईवर बिली तिच्याकडे बघतोय. एकोणीस वर्षांची पोर. त्याची ती कुणी नाही. त्याने तोंड उघडलं तर मालक काय करील याचा भरवसा नाही. आणि तिसरी शिंक येते, तसा तो होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडतो, देवा, सांभाळ रे आम्हाला!

म्हातारा रागाने किंचाळतो, तुला नोकरीवरून काढलं म्हणतो, आणि पगाराच्या जागी पाठीत एक सणसणीत लाथ घालतो. बिली वरून थेट पंगतीच्या मधोमध, टेबलावर आदळतो. पाद्रीबाबा सुरी-काटा खाली ठेवतात आणि ताबडतोब लग्न लावून टाकतात.

आता जुळवा. हजारावा वाढदिवस. बायको हवी. तीन शिंका. वाचवणारा नोकर. नवरीचं नाव गोष्टीत ब्रिजेट, सिनेमात ब्रिजेट. आणि नोकराचं नाव सिनेमात विल्यम. विल्यमला घरात काय हाक मारतात? बिली. इतक्या गोष्टी योगायोगाने जुळत नाहीत. समीक्षकांनी कचरा म्हणून फेकलेल्या सिनेमाच्या पायात १८२५ ची एक अस्सल गोष्ट पुरलेली आहे. लेखकांपैकी कुणीतरी होमवर्क केला होता.

*

आणि तो होमवर्क योग्य जागी केला होता असं मला वाटतं. कारण लेप्रेकॉन म्हटलं की आपल्याला हिरवा कोट, इंद्रधनुष्य आणि सोन्याचा हंडा आठवतो, पण त्याची सगळ्यात जुनी ओळख वेगळीच आहे. तो कराराचा प्राणी आहे.

त्याची सगळ्यात जुनी गोष्ट साधारण आठव्या शतकातली मानतात. अल्स्टरचा राजा फर्गस मॅक लेटी समुद्रकाठी झोपलेला असताना काही बुटके त्याला उचलून पाण्याकडे नेतात. पाय गार पाण्याला लागतात तसा तो जागा होतो आणि त्यातल्या तिघांना पकडतो. जीव वाचवायच्या बदल्यात ते त्याला पाण्याखाली पोहायची विद्या देतात. मात्र एक अट: तुझ्याच मुलखातल्या लॉख रुद्रिगे या एका पाण्यात उतरायचं नाही. राजा अर्थातच तिथेच उतरतो. आत एक राक्षसी जलचर दिसतं आणि भीतीने त्याचा चेहरा कायमचा वाकडा होतो. व्यंग असलेल्याला राज्य करता येत नाही, म्हणून दरबारी मंडळी सात वर्षं त्याच्यापासून ही गोष्ट लपवून ठेवतात. शेवटी एक दासी रागाच्या भरात खरं बोलून जाते, आणि तो तिला मारून त्या जलचराशी लढायला जातो. त्याला मारतो आणि स्वतःही मरतो. गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती कायद्याच्या पोथ्यांमधून, जप्तीच्या नियमांसंदर्भात. म्हणजे आमचा नायक पहिल्यांदा भेटतो तो वकिलांच्या दप्तरात!

(त्या बुटक्यांचं जुनं आयरिश नाव 'लुखोरपान'. त्याचा अर्थ 'छोटं शरीर' असा लावला जायचा. २०१९ मध्ये केंब्रिज आणि बेलफास्टच्या अभ्यासकांनी मांडलं की शब्द मुळात लॅटिन 'लुपेर्की' वरून आला असावा. लुपेर्की म्हणजे रोममध्ये लुपेरकालिया सणाला धावणारे तरुण. म्हणजे अस्सल आयरिश म्हणून मिरवणाऱ्याचं नावही इंपोर्टेड.)

क्रोकरच्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट तर प्रत्येक डेव्हलपरच्या क्यूबिकलमध्ये लावायला हवी. टॉम फिट्झपॅट्रिक नावाचा माणूस एका बुटक्याला पकडतो. बुटका त्याला पिवळ्या फुलांच्या रानटी झुडपांनी भरलेल्या मोठ्या शेतात नेतो आणि एका झुडपाकडे बोट दाखवतो, याच्याखाली सोनं आहे. टॉमकडे कुदळ नाही. तो आपला लाल पट्टा काढून त्या झुडपाला खुणेसाठी बांधतो आणि बुटक्याकडून वचन घेतो की या पट्ट्याला हात लावायचा नाही. कुदळ घेऊन परत येतो तर काय, शेतातल्या प्रत्येक झुडपाला तसाच लाल पट्टा. वचन पूर्ण पाळलेलं. त्याच्या पट्ट्याला कुणी हातही लावला नव्हता.

रिक्वायरमेंट लिहिताना आपण काय म्हणालो आणि आपल्याला काय म्हणायचं होतं, यातल्या फटीत लेप्रेकॉन राहतो. त्याला खोटं बोलायची गरजच पडत नाही.

मग या वकिली डोक्याच्या म्हाताऱ्याचा जाहिरातीतला गोंडस बाहुला कसा झाला? तो इतिहास थोडा टोचणारा आहे. क्रोकर स्वतः प्रोटेस्टंट, वाचक लंडनचे, आणि १८०१ पासून आयर्लंड ब्रिटनला जोडलेलं. कॅथलिक शेतकऱ्यांच्या गोष्टी साहेबाला हसू येईल अशा बेताने सांगितल्या गेल्या: दारुडा पण मनाने चांगला आयरिश गडी आणि त्याचं दारुडं भूत. पुढे स्थलांतरितांबरोबर हे भूत अमेरिकेला गेलं. येट्सने नोंदवलंय की एकटी राहणारी अशी भुतं लाल कोट घालतात, पण अमेरिकेच्या सेंट पॅट्रिक्स डेच्या बाजारात कोट हिरवा झाला. १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला आणि गावोगाव फिरून लोकांच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत गोष्टी टिपून घेऊ लागला. वॉल्ट डिस्नी त्यांच्याकडे लेप्रेकॉनच्या सिनेमासाठी मदत मागायला गेला तेव्हा तिथल्या अभ्यासकांनी त्याला प्राचीन वीरकथांकडे वळवायचा प्रयत्न केला. पण १९५९ मध्ये आला तो 'डार्बी ओगिल'च, बुटक्यांचा. १९६४ मध्ये लकी चार्म्स बाजारात आलं. आणि माजी पंतप्रधान जॉन कॉस्टेलो १९६३ मध्ये संसदेत आयर्लंडच्या पर्यटन जाहिरातींवर वैतागले होते, त्यांच्या यादीत लेप्रेकॉनचंही नाव होतं. आपल्याकडे परदेशी पाहुण्याला भारत म्हणजे हत्ती, साप आणि गारुडी वाटतो तेव्हा आपल्याला जे होतं, तेच.

*

या पार्श्वभूमीवर १९९४ चा तो स्वस्त सिनेमा पुन्हा बघितला. यातला लेप्रेकॉन गोंडस नाही हीच आधी केवढी सुटका! पहिल्या भागात त्याला मारायचा उपाय होता चार पानांचं क्लोव्हर, म्हणजे ग्रीटिंग कार्डावरचं शुभचिन्ह. दुसऱ्या भागात ते गेलं आणि लोखंड आलं. आणि लोखंड ही लोकसमजुतीतली खरी, जुनी गोष्ट आहे. आयर्लंडमध्येच नव्हे, आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाखाली अडकित्ता किंवा विळा उगाच ठेवत नव्हते.

शिवाय करार परत आला. ज्याच्या हातात लेप्रेकॉनचं एक नाणं, त्याला तो इजा करू शकत नाही. मॉर्टी मामा (सँडी बॅरन, 'साइनफेल्ड'मध्ये पेनवरून भांडणारा जॅक क्लॉम्पस तो हाच) त्याला दारूच्या पैजेत गारद करतो, लोखंडी तिजोरीत कोंडतो आणि तीन वर मागतो. पहिला वर: सोन्याचा हंडा हवा. हंडा मिळतो, मामाच्या पोटात. पोट टम्म फुगतं. दुसरा वर: बाहेर ये आणि मदत कर. तिसरा: हे बाहेर काढ. लेप्रेकॉन काढतो. कसं ते सांगत नाही, जेवणाची वेळ असेल तुमची. पण बघा, तिन्ही वर शब्दशः पूर्ण. झुडपाला बांधलेला लाल पट्टाच हा, फक्त रक्तात बुडवलेला. मी हसलो आणि पुढच्याच क्षणी पोटात ढवळलं. हॉरर कॉमेडी नावाच्या प्रकाराने याहून जास्त काय करावं?

पण एक गोष्ट त्यांनी बदलली, आणि मला ती खटकत राहिली. सिनेमात विल्यम तोंड उघडतो कारण मुलगी त्याची स्वतःची आहे. पोटच्या पोरीसाठी कुणीही ओरडेल. क्रोकरच्या बिलीला ती पोरगी कोण कुठली हेही नीट माहीत नव्हतं. खाली अख्खं गाव बसलं होतं, तिचे आईबाप, नवरा, पाद्री. जबाबदारी त्या सगळ्यांची होती आणि म्हणूनच कुणाचीच नव्हती. प्रॉडक्शन पडल्यावर पन्नास जणांच्या कॉन्फरन्स कॉलवर जी शांतता असते ना, तीच ही. प्रत्येकाला वाटतं तिकीट दुसऱ्याने टाकलं असेल. त्या शांततेत बोलला तो सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस, ज्याला बोलायची मुभाच नव्हती. सिनेमाने पंगत काढून टाकली, पाद्री काढला, त्याच्या तोंडातला घास काढला. भूत राहिलं, नियम राहिला, गाव गेलं. वंश आणि सूड यांची हजार वर्षांची गोष्ट झाली, पण मुळात ती एका जेवणाच्या टेबलाची होती.

याची थोडी भरपाई सिनेमा नकळत करतो. लॉस एंजेलिसमध्ये ब्रिजेटला तिसरी शिंक येते तेव्हा कोडी आशीर्वादाचे शब्द उच्चारायला जातो, आणि ते पुरे होण्याआधीच लेप्रेकॉन फोनच्या वायरने त्याचा गळा आवळतो. पाद्रीच्या तोंडात डुकराचं मुंडकं होतं, याच्या गळ्याला टेलिफोन.

पुढचा इतिहास झरझर उरकतो. दुसऱ्या भागाने अमेरिकेत जेमतेम २३ लाख डॉलर कमावले. तिसरा भाग, १९९५ चा, लास वेगासमध्ये घडतो आणि थेट व्हिडिओ कॅसेटवर आला. मग लेप्रेकॉन अंतराळात गेला, २००० मध्ये रॅपर आइस-टी बरोबर काळ्या वस्तीत गेला, २००३ मध्ये पुन्हा तिथेच गेला. २०१४ आणि २०१८ मध्ये दुसऱ्या नटांना घेऊन नव्याने प्रयत्न झाले. शिंकांचा नियम पुढे चालला नाही. लोकांना हवा होता तो हिरवा कोट आणि मरायच्या नवनव्या तऱ्हा, आणि त्या त्यांना भरपूर मिळाल्या.

हे सगळं मी त्या मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो ना?" म्हटलं होय बाबा, बरोबर होतास. मग थोडं थांबून म्हणाला, "त्या रात्री तुमच्यातल्या एकाने जरी 'बघूया तरी' म्हटलं असतं ना..."

खरंय. आम्ही सहा-सात जण होतो. प्रत्येकाच्या तोंडात समोसा होता.

असो. पुढच्या वीकांताला भेटू.